मरता मरता पश्चात्ताप केला तर स्वर्ग मिळतो? (ख्रिस्ती श्रद्धेबद्दल प्रश्न)

निळीशाई
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी इथेच विचारते. माझी एक जवळची मैत्रीण ख्रिस्ती आहे, तिच्याशी बोलता बोलता येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराची गोष्ट निघाली. लूकच्या शुभवर्तमानात २३व्या अध्यायात आहे. आयुष्यभर लुटालूट केलेला माणूस, मरायला काही तास उरलेत, आणि तो येशूला एवढंच म्हणतो की तू राजा होऊन येशील तेव्हा माझी आठवण ठेव. येशू त्याला सांगतो, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. बस्स. ना बाप्तिस्मा, ना दानधर्म, ना लुटलेलं परत करणं.

मला हे फार सुंदर वाटतं आणि पटतही नाही, दोन्ही एकदम. ज्यांना त्याने लुटलं, कदाचित कुणाला मारलंही असेल, त्यांचं काय? त्यांना कुणी विचारलं का? आणि शेवटच्या तासाला दार उघडतंच म्हटल्यावर जन्मभर सरळ वागणाऱ्याने काय मिळवलं?

अजून एक. ज्याचा बाप्तिस्माच झाला नाही पण जो मनापासून चांगला जगला, त्याचं काय होतं असं ख्रिस्ती लोक मानतात? चर्चनुसार उत्तर बदलतं का? ज्यांची ही श्रद्धा आहे त्यांनी जरूर लिहा, ज्यांचा अभ्यास आहे त्यांनीही. मला खरंच समजून घ्यायचंय.

रानपाखरू
अजामिळ आठवला. मरताना पोराला "नारायणा" म्हणून हाक मारली आणि यमदूत हात हलवत परत गेले :)

तळटीप
@रानपाखरू, आठवण साहजिक आहे, पण दोन्ही गोष्टींचा गाभा वेगळा आहे. अजामिळाच्या कथेत नामाचं सामर्थ्य सांगायचंय, हाक मुलाला मारलेली असली तरी चालतं. इथे चोर जे बोलतो ते पूर्ण शुद्धीत आणि जाणून बोलतो.

निळीशाई, तुम्ही त्याचं शेवटचं वाक्य सांगितलंत, त्याच्या आधीचं राहिलं आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे. पलीकडचा दुसरा गुन्हेगार येशूला टोमणे मारतो, तू ख्रिस्त ना, मग स्वतःला वाचव आणि आम्हालाही. तेव्हा हा त्याला दटावतो: तुला देवाची भीती नाही का, आपल्याला आपल्या करणीचं फळ मिळतंय, ते न्यायानेच आहे, ह्याने मात्र काही वाईट केलेलं नाही. म्हणजे गुन्हा केला हे कबूल, शिक्षा योग्य हे कबूल, परिस्थितीला दोष नाही, आणि मुख्य म्हणजे मला खाली उतरव अशी मागणीसुद्धा नाही. दुसरा सुटका मागतो, हा आठवण मागतो. आणि तो खाली उतरत नाहीच. संध्याकाळी सैनिकांनी दोघांच्या तंगड्या मोडल्या हे योहानाने लिहून ठेवलंय. स्वर्ग मिळाला म्हणून शिक्षा टळली नाही.

मत्तय आणि मार्क तर म्हणतात की दोघंही येशूची निंदा करत होते. त्यामुळे हाही आधी त्यात सामील होता आणि त्या काही तासांतच बदलला, असं जुने भाष्यकार मांडतात.

मेणबत्ती
मी कॅथलिक आहे. आमच्याकडे ह्या चोराला संत मानतात. बायबलमध्ये त्याचं नाव नाही, दिस्मास हे नाव नंतरच्या एका ग्रंथातून आलंय. रोमन संतनामावलीत त्याचा दिवस २५ मार्च.

पण त्याच्या गोष्टीवरून "सॉरी म्हटलं की झालं" असं आमच्या चर्चने कधीच शिकवलेलं नाही. पापनिवेदन म्हणजे कन्फेशन, ते कसं असतं ते बाहेरच्यांना सिनेमातून माहीत असतं म्हणून थोडं सांगते. जाळीच्या अलीकडे गुडघे टेकायचे, मागच्या कन्फेशनला किती दिवस झाले ते सांगायचं आणि मग पापं बोलायची, "माझं चुकलं" असं मोघम नाही, काय केलं ते. मोठं पाप असेल तर कितीदा केलं तेही. जाळीपलीकडून फादर फार बोलत नाहीत, पण नेमका प्रश्न विचारतात. माझ्या ओळखीच्या एका बाईने भावाच्या हिश्श्याचे दागिने ठेवून घेतल्याचं सांगितलं होतं (ती स्वतःच आम्हाला नंतर सांगायची, फादरना तोंड उघडता येत नाही, पापनिवेदनातलं गुपित फोडलं तर चर्चमधून बहिष्कारच). फादरनी एवढंच विचारलं, दागिने आत्ता कुठे आहेत? कपाटात आहेत म्हटल्यावर म्हणाले, मग ते आधी भावाकडे जाऊ देत. ती उठून गेली, दागिने दिले, भावाने चार शब्द ऐकवले, ते ऐकून घेतले आणि परत आली.

म्हणजे तीन गोष्टी लागतात: मनापासून दुःख, तोंडाने कबुली आणि भरपाई. परत करणं शक्य असेल तर परत करायचं. चोराचे हातच खिळलेले होते, त्याच्याकडून भरपाई कोण मागणार? ज्याचे हात मोकळे आहेत त्याला ती सवलत नाही.

मोकळाश्वास
मेणबत्तीताई, छान लिहिलंय पण मी प्रोटेस्टंट आहे आणि इथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. भरपाई हवी ह्याला माझी ना नाही. पण ती स्वर्गाच्या दाराचं तिकीट नाही. येशूचा प्रेषित पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो (२:८-९) की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, ते देवाचं दान आहे, कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये. आम्ही ह्याला घट्ट धरून आहोत. भरपाई केली म्हणून क्षमा मिळत नाही, क्षमा मिळाली म्हणून माणूस भरपाई करायला धावतो. क्रम महत्त्वाचा.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर, ज्याच्यापासून आमची प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली, भडकला तो ह्याच्यावरूनच. पापाची शिक्षा माफ करणारी चर्चची क्षमापत्रं विकली जात होती, टेट्झेलसारखे प्रचारक गावोगाव फिरत होते. गंमत म्हणजे त्याविरुद्ध त्याने मांडलेल्या ९५ प्रबंधांतला पहिलाच पश्चात्तापावर आहे. येशूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा त्याला विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं अभिप्रेत होतं, असा त्याचा आशय. म्हणजे कृपेवर एवढा जोर देणारा माणूससुद्धा एका क्षणाचा पश्चात्ताप म्हणत नाहीये.

संशयात्मा
मग याकोबाच्या पत्राचं काय करता? कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे असं तिथे स्वच्छ लिहिलंय. ल्यूथरने त्या पत्राला गवती पत्र म्हटलं होतं ना १५२२ च्या प्रस्तावनेत? सोयीचं ते पवित्र आणि गैरसोयीचं ते गवत?

मोकळाश्वास
@संशयात्मा, म्हटलं होतं, पण त्याने ते बायबलमधून काढलं नाही. आमच्या चर्चमध्ये याकोबाचं पत्र वाचलं जातं, त्यावर प्रवचनं होतात. झाड जिवंत आहे की नाही हे फळावरून कळतं, फळं टांगून झाड जिवंत होत नाही, असं आमचे पाळक सांगतात.

मेणबत्ती
आणि आम्ही कर्मांनी स्वर्ग विकत घेतो हाही गैरसमजच आहे बरं का. ल्यूथरला उत्तर म्हणून भरलेल्या आमच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला नीतिमान ठरवलं जाण्याआधीची कुठलीच गोष्ट, ना विश्वास ना कर्म, ती कृपा कमावत नाही. पहिलं पाऊल देवाचंच.

तळटीप
ह्या भांडणात एक गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघ यांनी नेमक्या ह्याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आमच्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही, केवळ कृपेने देव आम्हाला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आम्हाला सत्कर्मांसाठी तयार करतो, असा मथितार्थ. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण सोळाव्या शतकातल्या शापवाण्या आज एकमेकांना लागू नाहीत एवढं दोघांनी मान्य केलं. तेव्हा मेणबत्ती आणि मोकळाश्वास, तुमच्या वरच्यांनी तह केलाय, तुम्हीही करा :)

चाफेकळी
माझी शंका साधी आहे. शेवटी पश्चात्ताप चालतो म्हटल्यावर लोक मुद्दाम टाळत नसतील का? आत्ता मजा करू, साठीनंतर बघू.

तळटीप
@चाफेकळी, टाळायचे की, आणि भलेभले टाळायचे. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या थोडंच आधी. बाप्तिस्म्याने आधीची सगळी पापं धुतली जातात, मग तो जितका उशिरा तितका बरा, असा हिशोब त्या काळी बरेच लोक करायचे.

त्याचं कारणही होतं. सुरुवातीचं चर्च फार कडक होतं. बाप्तिस्म्यानंतर मोठं पाप झालं तर जाहीर प्रायश्चित्ताची संधी आयुष्यात एकदाच. २५० च्या सुमारास डेसियस सम्राटाने सगळ्यांना रोमन देवांना बळी द्यायला लावलं, तेव्हा जिवाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी ते केलं. छळ ओसरल्यावर हेच लोक रडत परत आले. त्यांना आत घ्यायचं का ह्यावर चर्च फुटलं. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला अजिबात नाही, कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला घ्यायचं, पण प्रायश्चित्तानंतर. शेवटी दार उघडं ठेवणारी बाजू टिकली. आज आपल्याला "क्षमा फार स्वस्त" वाटते, पण तेव्हा खरी भीती उलटी होती, क्षमा आहे की नाही हीच.

आणि मोठ्या माणसाला वेगळा नियम नव्हता. ३९० मध्ये थेस्सलोनिकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने हजारोंची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोजने त्याला पत्र लिहून कळवलं की तू असशील तर मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही. सम्राटाला राजवस्त्रं उतरवून चर्चमध्ये सगळ्यांसमोर प्रायश्चित्त करावं लागलं.

रात्रपाळी
चाफेकळीच्या मुद्द्यावर माझ्या कामातून लिहिते. मी नर्स आहे, मरणाच्या दारातली माणसं बघण्यात बरीच वर्षं गेली. शेवटी बघू म्हणणाऱ्यांना शेवट कसा असतो ते माहीत नसतं. बहुतेकांना तो स्वच्छ, शांत, विचार करायला मिळालेला तास मिळतच नाही. गुंगी असते, श्वास लागलेला असतो, घसा कोरडा पडून शब्द फुटत नाही, माणूस आजूबाजूच्यांना ओळखत नाही. आणि शुद्धीत असलेला माणूस एकाएकी नवा होतो असंही नसतं. जन्मभर दुसऱ्यांना दोष देत आलेला बिछान्यावरही दोषच देतो, कधी उशीला, कधी डॉक्टरला, कधी सुनेला.

पण अपवाद पाहिलेत. एका गृहस्थांचं भावाशी अनेक वर्षं वाकडं होतं. दोन दिवस ते चादरीची कड बोटांत धरून सारखी गोळा करायचे, सोडायचे आणि भावाला बोलवा म्हणायचे. घरचे टाळत होते, त्यांना त्रास नको म्हणून. शेवटी भाऊ आला. हे त्याला म्हणाले, "जमिनीचं मी खोटं बोललो होतो, कागद पेटीत आहेत." देवाबिवाचं काही बोलणं नाही. शेजारच्या खाटेवर प्रार्थना म्हणायला आलेले एक पाळक होते, ते बाहेर आल्यावर मला म्हणाले, हा पश्चात्ताप होता. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण ते मला पटलं.

टिपूर
वा, रात्रपाळी. ह्या प्रतिसादासाठी धागा वाचला याचं सार्थक झालं.

उंबरठा
मी गप्प बसणार होते. पण लिहिते.

माझ्या जवळच्या नात्यातल्या एका माणसाने त्याच्या बायकोला वर्षानुवर्षं मारलं. आम्ही मुलं दाराआडून बघायचो. पुढे म्हातारपणी तो एका प्रार्थनासभेत जायला लागला, दारू सोडली, हात वर करून रडायचा, साक्ष द्यायचा की प्रभूने मला क्षमा केली, माझी पाटी कोरी झाली. लोक टाळ्या वाजवायचे. ती बाई मागच्या रांगेत बसलेली असायची. तिच्याकडे बघून एकदाही, एकदाही तो म्हणाला नाही की मी तुझा अपराधी आहे. उलट तिने जुनं काही काढलं तर बाकीचे तिलाच सुनावायचे, देवाने माफ केलं तर तू कोण?

मला दागिने, तह, परिषदा ह्यातलं काही नको. मला एवढंच सांगा, हा माणूस तुमच्या मते स्वर्गात गेला?

मोकळाश्वास
उंबरठा, कोण कुठे गेला हे सांगायचा अधिकार मला नाही. पण तो जे सांगत होता आणि लोक ज्याला टाळ्या वाजवत होते, त्याला बायबलमध्ये आधार नाही, हे मी ठामपणे म्हणतो. आणि तिला गप्प करणाऱ्यांनी जे केलं तेही पाप आहे.

येशू स्वतः म्हणतो (मत्तय ५:२३-२४), वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. देवाची भक्ती थांबू दे, आधी ज्याचं बिघडवलंस त्याच्याकडे जा. जक्कय जकातदाराने येशू घरी आल्यावर म्हटलं, ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत देतो. त्यानंतरच येशू म्हणाला की आज ह्या घराला तारण झालंय. यहेज्केलातही (३३:१५) दुष्टाने गहाण परत केलं, लुटलेलं भरून दिलं तर तो जगेल असं आहे.

बॉनहॉफर नावाचा जर्मन पाळक होता, हिटलरविरोधी कटात सामील म्हणून ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं. त्याने १९३७ मध्येच लिहिलं होतं की स्वस्त कृपा ही चर्चची जानी दुश्मन आहे. पश्चात्तापाशिवाय क्षमेचा उपदेश म्हणजे स्वस्त कृपा. त्या सभेत जे वाटलं जात होतं ते हेच.

संशयात्मा
मोकळाश्वास, चांगलं लिहिलंत, पण बायबलमध्ये दुसरी बाजूही आहे. दावीद राजा. बथशेबाला बोलावून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे धाडून मारवलं. आणि त्यानंतरचं म्हणून जे ५१वं स्तोत्र सांगतात त्यात तो देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलंय. फक्त? उरीया मेला त्याचं काय? उंबरठांचा नातेवाईक ह्याच ओळीवर उभा होता.

यहुदी परंपरा ह्यात मला सरळ वाटते. मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, योमा ग्रंथात, स्पष्ट आहे की प्रायश्चित्ताचा दिवस माणूस आणि देव यांच्यातली पापं धुतो, माणसामाणसांतली नाही, त्या माणसाचं समाधान केल्याशिवाय नाही.

तळटीप
संशयात्मा, ती ओळ खरंच अवघड आहे आणि मी ती गुळगुळीत करणार नाही. फक्त ती एकटी वाचू नये. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा राजासमोर येतो आणि गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो, राजा चिडून म्हणतो हा माणूस मरणाला पात्र आहे, आणि नाथान म्हणतो, तो तूच. देवाच्या नावाने तो उरीयाचाच जाब विचारतो, नाव घेऊन. क्षमा मिळते, पण तलवार तुझ्या घरातून कधी जाणार नाही हेही त्याच दमात सांगितलं जातं, आणि दावीदच्या घराचं पुढे काय होतं ते वाचवत नाही.

पिंपळपान
थोडं अवांतर. मला लहानपणी भीती असायची की आपल्याकडून "अक्षम्य पाप" झालंय. मत्तय १२ मध्ये पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही असं आहे ना, ते वाचल्यापासून झोप उडालेली. दिवसातून दहादा क्षमा मागायचो तरी वाटायचं नीट मागितली नाही. अजूनही कधीकधी होतं. कुणाला असं झालंय?

मेणबत्ती
पिंपळपान, खूप जणांना होतं, ह्याला आमच्याकडे नावच आहे, पापभीरूपणाचा आजार म्हणा. इग्नेशियस लोयोला, जेझुइटांचा संस्थापक, १५२२ मध्ये मानरेसात असाच महिनोन्महिने पोळला, कबूल केलेली पापं परत परत कबूल करायचा, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत मजल गेली होती. ल्यूथरचंही मठात तेच, तासन्‌तास कन्फेशन. त्या अध्यायात येशू बोलतोय ते डोळ्यांसमोर झालेलं चांगलं काम बघूनही ते सैतानाचं आहे म्हणणाऱ्यांना. ज्याला क्षमा हवी आहे आणि मिळणार नाही ह्याची भीती वाटतेय तो त्यांच्यातला नाहीच, असं आमच्या फादरांपासून जुन्या गुरूंपर्यंत सगळे सांगतात. आणि फार त्रास होत असेल तर डॉक्टरांशीही बोल रे बाळा, त्यात श्रद्धा कमी पडत नाही.

रानपाखरू
निळीशाईंचा दुसरा प्रश्न राहूनच गेला. बाप्तिस्मा न झालेला चांगला माणूस. आमच्यासारख्यांचं काय ते सांगा की :)

तळटीप
ह्यात एकमत नाही, म्हणून चर्चनुसारच सांगतो.

कॅथलिक: "चर्चबाहेर तारण नाही" हे वाक्य सिप्रियनपासूनचं, तिसऱ्या शतकातलं. पण ते अगदी शब्दशः घेऊन बाहेरचे सगळे नरकात असा हट्ट धरणाऱ्या अमेरिकेतल्या फीनी नावाच्या फादरला १९५३ मध्ये रोमने बहिष्कृत केलं, नंतर समेट झाला. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहिलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताचं शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांसाठी शतकानुशतकं लिंबोची कल्पना होती, स्वर्गही नाही नरकही नाही. २००७ मध्ये रोमच्या ईशज्ञान आयोगाने म्हटलं की त्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत.

प्रोटेस्टंट: इथे फाटे फार. कॅल्विनवादी म्हणतात देवाने आधीच निवडलंय आणि निवडलेला कायमचा गळत नाही, १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने हे पक्कं केलं. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक वेस्ली, त्याला मानणारे म्हणतात कृपा सगळ्यांना देऊ केली आहे आणि ती मिळाल्यावर माणूस गमावूही शकतो. बरेच इव्हँजेलिकल लोक येशूवर जाणतेपणी विश्वास ठेवल्याशिवाय नाही असंच मानतात.

ऑर्थोडॉक्स लोक मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, पण शुद्धीस्थानाचा, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याच्या अवस्थेचा, कॅथलिक सिद्धांत त्यांना मान्य नाही. शेवटी सगळेच परत देवाकडे येतील असं तिसऱ्या शतकात ओरिजेनने सुचवलं होतं. पुढे ते मत निषिद्ध ठरलं, पण त्याच वळणाचं लिहिणारा निसाचा ग्रेगरी संत म्हणून टिकला.

मेणबत्ती
शुद्धीस्थानाचं नाव निघालं म्हणून, कारण उंबरठाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं. लोकांना ते छोटा नरक वाटतं. तसं नाही, तिथे जाणारा स्वर्गात जाणार हे ठरलेलंच. पण क्षमा मिळाली म्हणजे माणूस सुधारला असं नाही, जे वाकडं झालंय ते सरळ व्हावंच लागतं, आणि ते दुखतं. आपण काय केलं ते पूर्ण दिसणं, त्या मागच्या रांगेतल्या बाईच्या डोळ्यांनी दिसणं, हे कुणालाही चुकत नाही असं मी मानते. पाटी कोरी करून पळून जायला वाट नाही.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री उशिरापर्यंत परत परत वाचतेय. मैत्रिणीला उंबरठाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली उधळ्या मुलाची गोष्ट शेवटपर्यंत वाच, सगळे मधेच थांबतात. वाटणी घेऊन ती उधळून बसलेला धाकटा परत आल्यावर बाप धावत जाऊन मिठी मारतो इथे आपण थांबतो. पण मोठा मुलगा शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि मला कधी एक करडूही दिलं नाहीस म्हणून रागाने आत जात नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि विनवतो. तो आत गेला की नाही ते येशू सांगतच नाही. तिचं म्हणणं, येशूने हा भाग मुद्दाम उघडा ठेवलाय, सरळ वागलेल्याचा राग देवाला कळतो, तो त्याला हाकलत नाही.

उंबरठा
निळीशाई, तुझ्या मैत्रिणीला सांग की गोष्ट छान आहे. पण मोठ्या भावाला कुणी मारलं नव्हतं. त्याचं करडू बुडलं होतं फार तर. तो जळत होता, जखमी नव्हता. जिला मारलं तिने मेजवानीत येऊन बसावं अशी बापाने विनवणी करणं मला मान्य नाही, आधी त्या मारणाऱ्याला उठवा.

रात्रपाळी
उंबरठाशी सहमत. माफ करायचं की नाही, कधी करायचं हे तिचं तिने ठरवावं. आणि माफ केलं म्हणजे परत त्याच छपराखाली राहायला जायचं असा अर्थ होत नाही.

मोकळाश्वास
हो. क्षमा करणं वेगळं आणि पुन्हा एकत्र येणं वेगळं. एकत्र यायला दोघं बदललेले लागतात. आणि पोलिसात तक्रार करणं हे क्षमेच्या विरोधात नाही, आमच्या पाळकांनी एका बाईला स्वतः सोबत नेलं होतं तक्रार द्यायला.

तळटीप
उंबरठा, तुमचं बरोबर आहे, ती गोष्ट तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. पण बायबलमध्ये एक जागा अशी आहे जिथे अन्याय सोसलेलेच बोलतात आणि तेही स्वर्गात. प्रकटीकरणात योहानाला वेदीखाली, देवाच्या वचनासाठी मारल्या गेलेल्यांचे आत्मे दिसतात. ते शांत नाहीत. ते मोठ्याने ओरडतायत, हे प्रभू, न्याय कधी करणार, आमच्या रक्ताचा बदला किती काळ घेणार नाहीस? आणि त्यांना कुणी म्हणत नाही की आता स्वर्गात आलात, विसरून जा. त्यांना शुभ्र झगे देतात आणि आणखी थोडा वेळ थांबा म्हणतात. म्हणजे स्वर्गात पोचल्यावरसुद्धा त्यांची तक्रार निकालात निघालेली नाही, ती वेदीखालून ऐकू येतेच आहे. "देवाने माफ केलं तर तू कोण" म्हणणाऱ्यांना मी ही जागा दाखवेन.

संशयात्मा
हे वाचलं नव्हतं. मात्र "थांबा" हे उत्तर मला पुरत नाही.

उंबरठा
मलाही पुरत नाही. पण ओरडू दिलंय हे पहिल्यांदाच ऐकतेय. कुठे आहे नेमकं? ती अजून आहे, रोज बायबल वाचते, तिला सांगायचंय.

तळटीप
अध्याय ६, ओव्या ९ ते ११. त्याआधी चार घोडेस्वारांचं वर्णन आहे, ते भयंकर आहे, तिला एकदम नवव्या ओवीपासून वाचायला सांगितलंत तरी चालेल.